नायलॉनचा डोरा

मी संशयी माणूस आहे हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे दर वेळी सांगावं लागणार नाही. कुलूप लावलं की मी ते तीनदा ओढून पाहतो. कोणी उगाच गोड बोललं की माझा हात आधी खिशाकडे जातो. नोकरीही मला अशीच लाभली. नागपूरला इतवारीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये मी कारकून होतो, आणि माझं काम म्हणजे आलेल्या प्रत्येक गाठोड्याकडे वाईट नजरेनं पाहणं. पावतीवर ‘जुने कपडे’ लिहिलेलं असायचं आणि आतून पितळी भांडी निघायची. सात वर्षं हे केल्यावर मला माणसंसुद्धा तशीच दिसायला लागली. वर लिहिलेलं एक, आत भरलेलं दुसरं.

तर त्या वर्षी संक्रांत झाली आणि माझी मोठी बहीण आणि भाऊजी आमच्याकडे राहायला आले. सोबत एक पेटी, एक वळकटी. चार दिवस राहतो म्हणाले आणि महिना उलटला. भाऊजी भंडाऱ्याच्या पलीकडे एका राइस मिलचा ट्रक चालवायचे. मालकानं सुट्टी दिली, सध्या काम मंद आहे, असं त्यांनी मायला सांगितलं. माय बिचारी हो म्हणाली. पण मी ट्रान्सपोर्टमधला माणूस. नवं धान बाजारात आलं की राइस मिलच्या ट्रकला इंजिन थंड करायलाही सवड नसते हे मला ठाऊक होतं. ऐन हंगामात कोणता मालक ड्रायव्हरला सुट्टी देतो? इथे कुठेतरी पाणी मुरत होतं.

माझी भीती अगदी सरळ होती. या माणसानं नोकरी घालवली आहे, आणि एक दिवस बहिणीला आमच्या दारात सोडून हा निघून जाणार. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. माय आणि मी दोन खोल्यांत राहत होतो. बहिणीला लग्नाला सहा वर्षं होऊन मूल नव्हतं, आणि त्यावरून तिच्या सासरी कुजबुज चालते हेही माझ्या कानावर होतं. तिचा संसार मोडताना मी नुसता पाहत बसणार नव्हतो, म्हणून मी भाऊजींवर पाळत ठेवली.

भाऊजी झाडीपट्टीतले आणि आम्ही मूळचे अकोल्याकडचे. आमच्या घरी ‘ळ’चा ‘य’ होतो, त्यांच्याकडे ‘र’. काळ्याला आम्ही काया म्हणतो, ते कारा म्हणतात. माय वाढताना ‘डाय घेता का’ म्हणून विचारायची, ते ‘डार द्या थोडी’ म्हणायचे, आणि दोन्ही बोल्या येणारी बहीण मधल्या मध्ये हसायची. तळ्याला ते तरा म्हणत. तऱ्यावर फिरून आलो असं ते पहिल्यांदा म्हणाले तेव्हा हे नेमके कुठे जाऊन आले यावर मी दोन दिवस डोकं खाजवलं होतं.

पाळत ठेवली तसं एकेक दिसायला लागलं. एक म्हणजे काळा चष्मा. घरातून बाहेर पडताना तो डोळ्यांवर हवाच. ट्रकचा ड्रायव्हर आणि थाट सिनेमातला. दुसरं, तोरा. मी शेजारी बसून काही खुणावलं तर कधी लगेच उत्तर द्यायचे आणि कधी मान वळवायचेही कष्ट घेत नसत. मायनं पुढे केलेला चहाचा कप दोनदा त्यांच्या हातून निसटला. तांब्यातून पेल्यात पाणी ओतताना निम्मं पाणी पाटावर जायचं. मोठा ट्रक चालवणारा हा माणूस सायकल चालवायला तयार नव्हता. माझ्या मागे कॅरियरवर मुकाट्यानं बसायचा. आणि दर मंगळवारी, शुक्रवारी सकाळी ‘चक्कर मारून येतो’ म्हणून गायब व्हायचा, तो दुपारीच उगवायचा. आमच्या एका हमालानं त्यांना मेडिकल चौकात पाहिलं. मी लगेच ताडलं की दवाखान्यातली कोणीतरी नर्स असणार. हे मी कोणाला बोललो नाही, पण मनात तिचा चेहरासुद्धा तयार करून ठेवला होता.

एक गोष्ट मात्र ते मोकळेपणानं सांगत, ती ट्रकची. ड्रायव्हरला उजवीकडचं दिसतं, डावीकडचं दिसत नाही, ते पाहायचं काम क्लीनरचं. तो ‘जाऊ द्या’ म्हणाला की डोळे मिटून जायचं. म्हणून क्लीनर घरच्यासारखा हवा, असं ते मायला समजावून सांगत होते. मी आत बसून ऐकत होतो आणि विचार करत होतो की मग आता यांच्या ट्रकवर कोण बसलंय.

तीरकमठ्याचा विषय निघाला तो आमच्या मोडक्या शिडीमुळे. बांबूची जुनी शिडी परसात कित्येक वर्षं पडून होती. मायनं ती बंबात घालायला काढली तर भाऊजी धावत आले. म्हणाले, हा बांबू जाळू नका, वाळून लोखंड झालाय, यात चांगली कमान आहे. त्यांच्या गावी पावसाळ्यात धानाच्या बांध्या, म्हणजे शेताचे बांध घातलेले तुकडे, पाण्यानं भरल्या की मासे वर चढून येतात आणि पोरंसोरं ते बाणानं मारतात. त्यांनी लहानपणी खूप मारले होते. इथं जवळपास एखादा तरा असेल तर उन्हाळ्यात मासे खाऊ घालतो, असं त्यांनी मायला कबूल केलं.

माझ्या मनात लगेच आलं की रिकामा माणूस हातात हत्यार घेतोय. पण मासे म्हटल्यावर माझाही जीव थोडा पाघळला. शिवाय एकत्र काम करताना माणूस बोलून जातो, तेव्हा यांच्या पोटातलं बाहेर काढता येईल असाही माझा डाव होता. जरीपटक्याच्या पुढे, कामठीकडे जाताना, एक बंद पडलेली दगडाची खदान होती. तिच्यात बारमाही पाणी असायचं आणि उन्हाळ्यात ते आरशासारखं नितळ व्हायचं. त्यात मरळ आहे हे मी स्वतः पाहिलं होतं. मी तसं सांगितलं आणि आम्ही कामाला लागलो.

एकही वस्तू विकत आणायची नाही असं भाऊजींनी ठरवलं होतं. शिडीचा बांबू त्यांनी कोयत्यानं उभा फाडला आणि त्यातली एक पट्टी निवडली. तिच्या सालीकडच्या बाजूला त्यांनी चाकू लावू दिला नाही. सगळं तासकाम आतल्या बाजूनं. मध्ये अंगठ्याएवढी जाड आणि दोन्ही टोकांना बारीक. शेवटी फुटक्या काचेनं इतकी खरवडली की हातावरून सुळकन निसटायची. मग जवसाचं तेल चोळून शेगडीवर शेकत त्यांनी ती वाकवली. डोळ्यांपेक्षा त्यांचं बोटांनीच जास्त चाललं होतं. ते दर थोड्या वेळानं पट्टीवर अंगठा फिरवायचे आणि नेमकं जिथं जाड असेल तिथंच काच लावायचे. मला तेव्हा ती कारागिरी वाटली. कमानीची दोरी अंबाडीच्या वाखाची वळली आणि तिला मेणबत्ती घासली.

बाणाला जुन्या सायकलच्या ब्रेकची सळई मिळाली, ती मी पायरीच्या दगडावर चार दिवस घासली. मासा सुटू नये म्हणून टोकाला उलटे काटे हवे होते. त्यासाठी भाऊजींनी वडिलांची छत्री मागितली. ती फाटून गेली होती तरी खुंटीला होती. मायनं एका शब्दानं काढून दिली आणि मी दोन दिवस तोंड फुगवून बसलो. छत्रीच्या काडीचे तुकडे जळक्या पंख्याच्या तांब्याच्या तारेनं सळईला आवळून बांधले. तिथं मात्र भाऊजींनी पकड माझ्या हातात दिली आणि ‘तू बांध, मले नाही जमत’ म्हणाले. जवळून पाहायचं काम आलं की हे अंग काढून घेतात, हेही मी मनात नोंदवून ठेवलं.

आमची भांडणं मात्र रोज व्हायची. बाणाला पीस नको, असं ते म्हणाले. बाणाला पीस असतं हे शाळेतल्या पोरालाही कळतं. पाण्यात पिसाचा काय उपयोग, हे त्यांचं म्हणणं मला पटलं, पण मी ते पटल्याचं दाखवलं नाही. मग डोऱ्यावरून वाद झाला. पतंगाच्या धाग्याला नागपुरात डोर म्हणतात, आमच्या घरी डोराच म्हणत. बाणाला बांधायचा तो डोरा मी पतंगाच्या चक्रीवर गुंडाळावा म्हणत होतो. भाऊजी म्हणाले चक्री फिरते, फिरली की गुंता होतो. वनस्पती तुपाचा रिकामा डबा कमानीला मुठीच्या खाली बांधायचा, त्याच्यावर डोरा गुंडाळायचा. डबा जागचा हलत नाही, डोरा नुसता सुटून जातो. हेही बरोबर निघालं. माणसाचं सारखं सारखं बरोबर निघायला लागलं की मला जास्तच शंका येते.

डोरा माझा होता. मुंबईहून आलेल्या एका मोठ्या गठ्ठ्याला हिरवा नायलॉन बांधलेला होता. असला डोरा हमाल चाकूनं सपासप कापून फेकून देत. मी त्यांना चाकू लावू दिला नाही. जेवणाच्या सुट्टीत बसून एकेक गाठ नखांनी सोडवली आणि सलग, एकही जोड नसलेला लांबच लांब डोरा घरी आणला. माझी नखं आठवडाभर दुखत होती. त्या अख्ख्या तीरकमठ्यात मला माझं म्हणावं असं तेवढंच वाटत होतं.

तयार झाल्यावर भाऊजींनी परसात पोत्यात गवत भरून निशाण केलं. पहिलाच बाण पोत्याच्या मधोमध. दुसरा त्याच्या बाजूला चार बोटांवर. त्यानंतर तीरकमठा टांगायला भिंतीत खिळा ठोकायचा होता, तर हातोडी तीनदा चुकली आणि चौथ्यांदा अंगठ्यावर बसली. इथं मात्र माझी खात्रीच झाली. वीस पावलांवरून पोतं फोडणाऱ्या माणसाला हातभर अंतरावरचा खिळा सापडत नाही? याचा अर्थ एकच, हे सोंग आहे. घरातलं काम अंगावर पडू नये म्हणून पाणी सांडायचं, कप पाडायचा, खिळा चुकवायचा. मायनं त्यांच्या अंगठ्याला हळद लावली, तेव्हा मला दोघांचाही राग आला.

होळीनंतरच्या रविवारी सकाळी आम्ही खदानीवर गेलो. भाऊजी कॅरियरवर, काळा चष्मा, मांडीवर कापडात गुंडाळलेला तीरकमठा. पाणी इतकं नितळ होतं की तळाचे दगड मोजता आले असते. मरळ दम घ्यायला वर येते आणि क्षणभर पाण्याच्या थोडं खाली थांबते, तेवढीच संधी. भाऊजींनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि पहिला मान मला दिला. मी कमान ओढली तसे ते कानाशी हळूच म्हणाले, “जिथं दिसते तिथं नको मारू गा. ती तिथं नसते. एक वीत खाली मारजो.”

आता मला सांगा, समोर हातभर मासा धडधडीत दिसतोय आणि एक माणूस सांगतोय की तो तिथं नाही. माझ्यासारख्यानं काय समजावं? मला हसं करून स्वतः मासा मारायचा आणि घरी जाऊन मायसमोर मिरवायचं. मी दिसत होता तिथंच बाण मारला. बाण वरून गेला. दुसऱ्यांदाही तसंच, तिसऱ्यांदाही तसंच. मग त्यांनी कमान घेतली, डावा डोळा मिटण्याची तसदीही न घेता उभे राहिले आणि पहिल्याच बाणात कोपरभर मरळ डोऱ्यानं ओढून काढली. मी मनात म्हटलं, पाहा, मला खाली मार सांगतात आणि स्वतः नेमका सरळ मारतात. परत येताना ते खुशीत होते. बोलता बोलता म्हणाले, “बानाचं काम लय बरं असते. हे काम अजून जमते मले.” अजून म्हणजे काय, हे विचारायचं मला सुचलं नाही.

पुढच्या मंगळवारी गोडाऊनची वीज गेली आणि मी दुपारीच घरी आलो. माय शेजारी गेली होती. न्हाणीच्या तट्ट्याआड बहिणीचा आणि भाऊजींचा आवाज येत होता. मी चप्पल काढून थांबलो. चोरून ऐकणं वाईट हे मला कळत होतं, पण मी थांबलो. भाऊजी अगदी हळू बोलत होते, “डोरा गेला. आता कोनाले सांगू नको. तुह्या भावाले तं नाहीच नाही.” आणि बहीण रडत होती.

मी पाय न वाजवता परसात गेलो. तीरकमठा खिळ्याला होता. तुपाचा डबा उघडा बोडका. माझा हिरवा डोरा त्याच्यावर नव्हता.

एवढ्याशा डोऱ्यासाठी कोणी बायको रडते का, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला सुचलं ते वेगळंच. आज डोरा विकला, उद्या तिच्या गळ्यातलं विकणार. मंगळवारचं जाणं, हंगामातली सुट्टी, पाडलेले कप, सगळे धागे माझ्या डोक्यात एकमेकांना जुळले आणि मला चक्क समाधान वाटलं. इतके दिवस मी उगाच शंका घेत नव्हतो तर.

संध्याकाळी जेवायला बसलो. भाऊजी पाटावर, मी त्यांच्या डाव्या हाताला, नेहमीसारखा. माय भाकरी वाढत होती. भाऊजींनी पहिला घास मोडला आणि मी विचारलं, डोरा कुठे गेला. त्यांनी माझ्याकडे मान वळवली नाही, म्हणून मी आवाज चढवला. म्हणालो, जावई म्हणून दोन महिने बसून खाल्लं त्याचं काही नाही, पण घरातली वस्तू उचलायची ही कोणती रीत? डोरा गेला, भावाला सांगू नको, हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. नोकरी घालवली ती घालवली, आता माझ्या बहिणीला इथे टाकून कुठे चालला आहात ते तरी सांगा.

भाऊजींचा हात ताटातच थांबला. मान पूर्ण वळवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ताटाला नमस्कार केला आणि उठले. जावई भरल्या ताटावरून उठला. माय उभी होती ती भिंतीला टेकली.

“डोरा मी घेतला,” माय म्हणाली. “माडीवर वाळवनाले बांधला. वर जाऊन पाय. तुले विचारायचं राहून गेलं.”

मी तरीही ऐकेना. मी म्हणालो, मग हे कोणत्या डोऱ्याबद्दल बोलत होते?

तेव्हा बहीण स्वयंपाकघरातून बाहेर आली. मला वाटलं ती चिडेल. ती चिडली नाही, लहान मुलाला धडा समजावून सांगावा तशी बोलली. “ह्यांच्याकडे डोरा म्हनतात, आपन डोया म्हनतो. ह्यांचा डावा डोया गेला रे भाऊ. आज डाक्टरनं हात टेकले.”

जॅक लावताना दांडा निसटून त्यांच्या भुवईवर बसला होता. वरून डोळा शाबूत, आतला पडदा फाटलेला. मालकानं सुट्टी दिली नव्हती, ट्रकवरून उतरवलं होतं. डोळा बरा झाला तर परत ट्रक देईन म्हणाला होता, म्हणून ते मंगळवारी आणि शुक्रवारी मेडिकलच्या रांगेत उभे राहायचे. सासुरवाडीत कोणाला कळू द्यायचं नाही, माझ्या बायकोच्या माहेरचे तिची कीव करतील, एवढीच त्यांनी अट घातली होती. बहिणीनं हे सगळं चार वाक्यांत सांगितलं. मी ऐकत होतो आणि माझी सगळी नोंदवही माझ्यासमोर उघडी पडत होती. डावीकडून केलेल्या माझ्या खुणा, निसटलेला कप, खिळा, सायकल, काळा चष्मा. बाणाच्या नेमाला एक डोळा पुरतो, जवळचं अंतर कळायला दोन लागतात. एकही गोष्ट मी चुकीची पाहिली नव्हती. तरी सगळ्यांचा अर्थ मी खोटा लावला होता.

मला माफी मागायला हवी होती. ती माझ्या तोंडातून निघाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं ते दोघं गेले. मी स्टेशनवर पेटी घेऊन गेलो, भाऊजींनी ती माझ्या हातून घेतली आणि डब्यात चढताना पायरी पायानं चाचपून पाहिली. मीही ते पाहिलं, पण ते पाहायला मी दोन महिने उशीर केला होता.

माय माझ्याशी पंधरा दिवस बोलली नाही. मी माडीवरून डोरा सोडून आणला, डब्यावर गुंडाळला आणि एका रविवारी एकटाच खदानीवर गेलो. मरळ वर आली. मी तिच्यावर नेम धरला, मग हात खाली केला. एक वीत. डोळ्यांना साफ खोटं वाटत होतं, रिकाम्या पाण्यात बाण मारतोय असं. बाण सोडला आणि डोरा हातात ताठ झाला. मासा ओढून काढला आणि मी खूप वेळ काठावर बसून राहिलो. तो मासा मी घरी नेला नाही, वाटेत एकाला देऊन टाकला.

पुढची दोन वर्षं भाऊजी आमच्या दारात आले नाहीत. बहीण एकदा आली, एकटी, दोन दिवसांसाठी. तिच्याकडून कळायचं की गावाबाहेर सडकेला त्यांनी पंक्चरचं दुकान टाकलंय, बरं चाललंय. मग अधिक महिना आला. धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवायला बोलावतात, अनारसे करतात. मायनं तांदूळ भिजत घातले आणि मला म्हणाली, “तुह्या बोलन्यानं उठले ते ताटावरून. आता तूच जाऊन घेऊन ये. नाही आले तं तूही जेवू नको.”

मी गेलो. जाताना तीरकमठा कापडात गुंडाळून सोबत घेतला, का ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. भाऊजी दुकानासमोर बसून ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात दाबत बुडबुडे पाहत होते. मी डावीकडून जाऊन उभा राहिलो. ते पाहेनात. जुना मी असतो तर म्हटलं असतं, पाहून न पाहिल्यासारखं करतात. मी वळसा घालून उजवीकडे गेलो. त्यांनी मान वर केली, मला पाहिलं, हातातल्या कापडाकडे पाहिलं. मी पाठ करून आणलेलं सगळं विसरलो आणि म्हणालो, “भाऊजी, एक वीत खाली मारला. लागला.”

त्यांनी ट्यूब पाण्यातून काढली, पुसली, खडूनं भोकाला खूण केली. मग विचारलं, मरळच होती का. मी हो म्हणालो. केवढी होती ते त्यांनी हातानं दाखवायला सांगितलं आणि मी दाखवलं. मी जरा वाढवूनच दाखवतोय हे त्यांना कळलं असणार, कारण ते हसले.

चार दिवसांनी ते बहिणीला घेऊन आले. मायनं तोच पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, ताटात अनारसे ठेवले. मी मुद्दाम त्यांच्या उजव्या हाताला बसलो, मी त्यांना दिसावा म्हणून, आणि खरं सांगायचं तर आपल्याला आता सगळं समजतं हे त्यांना दिसावं म्हणूनही. भाऊजींनी घास मोडला नाही. त्यांनी हात ताटाबाहेर ठेवला आणि माय पुन्हा भिंतीला टेकली.

“इकडे नको,” ते म्हणाले आणि डाव्या बाजूची जमीन हातानं थोपटली. “तू या बाजूले बस गा. डावीकडचं पाहायले क्लीनर घरचाच लागते.”

मी उठलो आणि माझं ताट घेऊन त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसलो. मग ते जेवले.